'जग चार घराणी चालवतात' म्हणे!

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. नावं बदलतात, सांगाडा तोच: मूठभर श्रीमंत घराणी पडद्याआडून जगाची सूत्रं हलवतात. बँका त्यांच्या, कायदे त्यांचे, वर्तमानपत्रं त्यांची. आपल्या हातात काही नाही. एकेक मुद्दा घेऊ.

'रॉथशिल्डने वॉटर्लूची बातमी सगळ्यांआधी मिळवून लंडनचा शेअर बाजार लुटला.' रॉथशिल्ड हे युरोपातलं ज्यू सावकारी-बँकर घराणं, आणि वॉटर्लू ही नेपोलियनच्या पराभवाची लढाई, १८१५ ची. ही गोष्ट पसरली ती १८४६ च्या एका फ्रेंच पत्रकातून, ज्याच्या लेखकाने नाव घेतलं होतं 'सैतान'. या घराण्याचा लंडनमधला बँकर नेथन रॉथशिल्ड स्वतः रणांगणावर होता आणि वादळात समुद्र ओलांडून लंडनला पोचला, असं त्यात रंगवलंय. तो तिथे नव्हताच. पत्रक उघडउघड ज्यूद्वेषी होतं. इतका शिळा माल आजही ताजा म्हणून खपतो, याचं मात्र कौतुक वाटतं.

'बिल्डरबर्गच्या गुप्त बैठकीत सगळं ठरतं.' युरोप-अमेरिकेतल्या राजकारणी आणि उद्योगपतींची ही खासगी बैठक १९५४ पासून भरते. बातमीदारांना आत घेत नाहीत, आणि मंत्री तिथे बँकप्रमुखांशी काय बोलतात हे विचारायलाच हवं. पण कोण आलं आणि विषय काय, याची यादी ते स्वतःच प्रसिद्ध करतात.

'कायदे आपल्या नकळत तेच लिहितात.' इथे जरा थांबू, कारण यात अर्धं सत्य आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बँकांच्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांवरची (शेअर, व्याजदर वगैरेंच्या चढउतारावर बेतलेल्या जोखमीच्या करारांवरची) बंधनं सैल करणारं विधेयक आलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी सिटीग्रुप या बड्या बँकेच्या शिफारशी आणि विधेयक ताडून पाहिलं. ८५ ओळींपैकी ७० हून जास्त ओळींत बँकेच्या शिफारशी उतरल्या होत्या. दोन कळीचे परिच्छेद तर जवळपास जसेच्या तसे. लोकप्रतिनिधींनी दोन शब्दांचं अनेकवचन केलं, एवढीच काय ती मेहनत! ही सवलत शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात घुसडून मंजूर झाली.

यात गुप्त कटाचं तळघर कुठे आहे? अमेरिकेत लॉबिस्टना, म्हणजे कायदे आपल्या बाजूने वळवायला कंपन्यांनी नेमलेल्या माणसांना, नोंदणी करावी लागते, खर्च दाखवावा लागतो. २०२३ मध्ये केंद्रीय पातळीवर जाहीर झालेला असा खर्च ४ अब्ज डॉलरच्या वर होता. सगळं कागदावर आहे, फक्त कागद कमालीचा रटाळ आहे. विधेयकाच्या ओळी मोजत बसण्यापेक्षा सैतानाची गोष्ट फॉरवर्ड करणं सोपं, आणि ओळी लिहून घेणाऱ्यांना ते सोयीचंच पडतं.

'वृत्तपत्रांचे मालक हवं त्याला निवडून आणतात.' इच्छा असते, जमतंच असं नाही. १९३१ मध्ये डेली मेलचे रॉदरमिअर आणि डेली एक्स्प्रेसचे बीव्हरब्रुक या दोघा मालकांनी ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे नेते बाल्डविन यांना हटवायचा चंग बांधला. लंडनमधल्या एका पोटनिवडणुकीत त्यांनी आपला उमेदवार पुढे केला. तो पडला.

खरा दाब बऱ्याचदा जाहिरात खात्यातून येतो. २०१५ मध्ये राजकीय भाष्यकार पीटर ओबोर्न ब्रिटनच्या डेली टेलिग्राफ या वृत्तपत्रातून बाहेर पडले ते जाहीर आरोप करून: एचएसबीसी ही बडी जाहिरातदार बँक असल्याने तिला अडचणीच्या बातम्या दडपल्या जातात. वृत्तपत्राने आरोप फेटाळला. माझ्या मते अशा बाबतीत कोणी फोन करून दरडावावं लागतच नाही. जाहिरातीचं पान कोणाच्या पैशावर भरतं, हे डेस्कवरच्या नवख्या पोरालाही दुसऱ्या आठवड्यात कळतं.

'आपण काहीच करू शकत नाही.' डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख खरोखरच बंद दाराआड भेटले. घ्या, कटही सापडला! ठरलं काय? जनसंपर्क सल्लागार नेमायचे आणि पैसे मोजून बोलायचं. ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत त्यांचं पानभर निवेदन छापून आलं: आमचा माल आरोग्याला अपायकारक नाही असं आम्ही मानतो, संशोधनाला मदत करू. पुढे कित्येक दशकं शंका पेरणं चालू राहिलं.

मग अमेरिकेतली राज्यं कोर्टात गेली. १९९८ च्या तडजोडींनी कंपन्यांना आपली अंतर्गत कागदपत्रं खुली करावी लागली. आज ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात आहेत, लाखोंनी. कंपनीचं नाव टाकून शोधलं की कार्यालयीन टिपणं उघडतात, पत्रव्यवहार उघडतो, आणि संशोधनासाठी कोणाला पैसे गेले तेही दिसतं.