पत्रा, बोटं आणि आठळी: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, बोटं मोडताना आणि पत्रा कडाडताना होणारे आवाज हवेमुळेच, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर 'बोट मोडलं की हवा सुटते, पत्रा वाजतो तोही हवेनंच. सगळ्या दुखण्यांवर एकच काढा कशाला?' हे तुमचं वाक्य झोंबलं. पण पत्र्याबाबत चूक माझीच.

आमच्या देवगडच्या घरात पडवीवर दहा फुटी पत्रे आहेत. दुपारी तापतात, तिन्हीसांजेला निवतात. तीस अंशांचा फरक पडला तर असा लोखंडी पत्रा जेमतेम १ मिलिमीटर आखडतो. पण तो हुकांनी आवळलेला. ताण साठत जातो आणि पत्रा एकदम सरकतो, कडाड! त्यात हवेचा काही संबंध नाही. (लहानपणी आम्ही ते राखणदाराच्या नावावर खपवायचो, ते सोडा.)

बोटांत वायू आहे, पण तो 'सुटत' नाही. सांध्यातल्या वंगणात तो विरघळलेला असतो. हाडं ओढली की दाब उतरतो आणि बुडबुडा होतो. आवाज नेमका कधी, यावर शास्त्रज्ञांचंही भांडण आहे. १९४७ साली लंडनमध्ये म्हणाले, बुडबुडा होताना. १९७१ साली लीड्समध्ये म्हणाले, फुटताना. २०१५ साली कॅनडात एमआरआय काढला, तर आवाजानंतरही पोकळी तशीच दिसली. २०१८ मधल्या गणितानं सांगितलं, अर्धवट फुटला तरी एवढा आवाज होतो.

तो वायू पुन्हा विरघळायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर तेच बोट वाजत नाही. आजी दृष्ट काढायची तेव्हा दादाच्या वेळी कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची, लगेच माझी पाळी आली की मुकी. 'तुला दृष्टच नाही लागलेली,' म्हणायची. मी रुसायचो.

आत्याची बोटं मोडून मोडून वाकडी झाली, हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरनं पन्नासहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. १९९८ साली लिहिलं, दोन्ही हातांना संधिवात नाही. २००९ साली त्याला इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. एका माणसावरून सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण आत्याची बोटं दुखत, सुजत असतील तर डॉक्टरांना दाखवा, मोडण्यावर खापर फोडून गप्प बसू नका.

'हवा सुटते' खरं ठरतं ते निखाऱ्यातल्या फणसाच्या आठळीबाबत. आतल्या पाण्याची वाफ कोंडते, म्हणून भाजण्याआधी तिला टोचा मारतात. माझ्या मूळ लिखाणातलं पत्र्याचं वाक्य काढून तिथे आठळी घातली आहे.