"अकाउंट उडवून परत टाकतो" म्हणणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका

चार दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, होऊ दे.

आमचं वाशीला फॉरवर्डिंगचं, म्हणजे पार्ट्यांचा (ग्राहकांचा) माल जहाजाने पाठवून द्यायचं, छोटं ऑफिस आहे, सहा माणसं, न्हावाशेवा बंदरातून जाणाऱ्या कंटेनरचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे. या धंद्यात मेल म्हणजे पुरावा असतो हो. पार्टी बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाचा कागद) ड्राफ्ट मेलवर ओके करते, कन्सायनीचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं, नाव मेलवर बदलून मागते, आणि सहा महिन्यांनी "आम्ही असं सांगितलंच नव्हतं" म्हणाली की तो मेल काढून समोर ठेवायचा, नाहीतर अमेंडमेंटचा, म्हणजे कागद दुरुस्त करण्याचा, चार्ज आपल्या बोकांडी. म्हणून मी नऊ वर्षं प्रत्येक पार्टीचा वेगळा फोल्डर करून मेल लावून ठेवले होते. होते.

सोमवारी सकाळी ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसले तेव्हा फोनवर मेल छान येत होते, रबाळे जाईपर्यंत मी एका पार्टीला उत्तरसुद्धा दिलं. ऑफिसात येऊन सिस्टीम चालू केली आणि मेलचा प्रोग्राम पासवर्ड मागायला लागला. टाकला, परत मागितला. एकेक अक्षर बघून टाकला, कॅप्स लॉक बघितलं, परत तीच विंडो. बाजूच्या टेबलावर तेच, अकाउंट्सवाल्या ताईंकडे तेच. आता मला सांगा, सहा जणांचे सहा पासवर्ड एका सकाळी एकदम चुकतात का? आणि ऑफिसचं वायफाय लागल्याबरोबर माझ्या फोनवरही मेल यायचे बंद झाले, वायफाय काढून मोबाईल डेटा लावला की परत चालू. हे सगळं मी स्वतः करून बघितलं आणि आमच्या एएमसीवाल्या (कॉम्प्युटरच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट असलेल्या) मुलाला आल्या आल्या सांगितलं, की अरे बाबा, पासवर्ड बरोबर आहे, मशीनही बरोबर आहे, आपल्या नेटवर सर्व्हर उघडत नाहीये, ते बघ आधी.

त्याने ऐकूनच घेतलं नाही. "मॅडम, प्रोफाइल करप्ट झालंय, अकाउंट उडवून परत टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे." मी विचारलं, जुने मेल जाणार नाहीत ना? "नाही मॅडम, सगळं सर्व्हरवर असतं."

नसतं! सगळं सर्व्हरवर नसतं! हे एक वाक्य मला कुणाकडूनही परत ऐकायचं नाहीये. मेल मशीनवर आणायच्या दोन पद्धती, आयमॅप आणि पॉप. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर राहतात आणि मशीनवर त्यांची कॉपी दिसते. पण आमच्यासारख्या जुन्या ऑफिसांत पॉप लावलेलं असतं, कारण हॉस्टिंगचा (ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आपले मेल येतात तिचा) मेलबॉक्स लहान, तो भरू नये म्हणून प्रोग्राम मेल खाली ओढून घेतो आणि सर्व्हरवरची प्रत काही दिवसांनी काढून टाकतो, आमच्याकडे १४ दिवस ठेवलेत. म्हणजे पंधराव्या दिवसापासून त्या मेलची जगात एकच प्रत, ती माझ्या टेबलाखालच्या मशीनमध्ये. हे सेटिंग बघायला अकाउंटच्या पानावर जायचं, अर्धं मिनिट लागतं. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, बघितला तरी कळतं, ९९५ किंवा ११० असेल तर पॉप, ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप. ज्याचा धंदाच हा आहे त्याने एवढं न बघता उडवायला हात घालायचा?

मी शेजारीच उभी होते. अकाउंट काढताना समोर विंडो आली, त्यात दोन चौकोन, एक अकाउंटची माहिती काढायची का आणि दुसरा मेलचा डेटाही काढायचा का. फोन खांद्याने कानाला धरलेला, दुसऱ्या कुठल्यातरी ऑफिसच्या प्रिंटरबद्दल बोलत होता, आणि बोलता बोलता दोन्ही चौकोनांवर टिक करून ओके दाबलं. मी "थांब" म्हणेपर्यंत डाव्या बाजूची माझ्या फोल्डरची ती लांबलचक यादी गेली. आयटी-वाल्याने न वाचता ओके दाबायचं आणि मेल कुणाचे गेले, माझे.

बरं, अकाउंट परत टाकायला गेला तर ते जोडलंच जाईना, कारण मुळात रोग तो नव्हताच. मग तोंड वर करून म्हणतो, "मॅडम, हॉस्टिंगवाल्यांचा प्रॉब्लेम आहे, त्यांच्याशी बोला," आणि तुर्भ्याला दुसऱ्या क्लायंटकडे निघून गेला. जाताना सॉरीसुद्धा नाही.

हॉस्टिंगवाल्यांकडे सव्वा तास. पहिल्याने सांगितलं पासवर्ड रीसेट करा. दुसऱ्याने सांगितलं, ऐका, अकाउंट डिलीट करून परत ॲड करा. तिसऱ्या माणसाने पहिल्यांदा शहाण्यासारखा प्रश्न विचारला, ऑफिसचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, काय आहे. सांगितला. पाच मिनिटांत म्हणाला, तुमचा आयपी ब्लॉक झालाय, मोकळा केला, बघा. आणि सगळ्यांचे मेल धडाधड चालू झाले, कुणाच्या मशीनला हात न लावता.

झालं असं होतं, शनिवारी ताईंनी अकाउंट्सच्या मेलचा पासवर्ड बदलला, पण आतल्या खोलीतल्या जुन्या पीसीवर तोच मेल लावलेला होता जुन्या पासवर्डने, आणि तो पीसी रविवारभर चालू राहिला, दर दहा मिनिटांनी चुकीचा पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार वाजवत. सर्व्हरला वाटलं कुणीतरी पासवर्ड फोडतंय, त्याने त्या आयपीला दार बंद केलं. ऑफिसचं ब्रॉडबँड एक म्हणजे बाहेरून सहाही जण एकाच आयपीवरून दिसतात, म्हणून सगळेच अडकले. सर्व्हरने केलं ते बरोबरच केलं. माझा राग त्या मेलच्या प्रोग्रामवरही आहे, की सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाहीये हे सरळ सांगायचं सोडून पासवर्ड का मागतोस? माणूस बिचारा तासभर स्वतःचा पासवर्ड तपासत बसतो. पण त्याहून जास्त राग त्या मुलावर आहे, कारण वायफाय आणि मोबाईल डेटाचा फरक मी त्याला हातात दिला होता, त्यातच उत्तर होतं.

आणि हे पहिल्यांदा नाही. याच्याकडे प्रत्येक दुखण्याला हे एकच औषध. मागे आउटबॉक्समध्ये मेल अडकला होता, कटऑफला, म्हणजे कागद द्यायच्या शेवटच्या वेळेला, चाळीस मिनिटं उरलेली, मागचे सगळे मेल त्याच्यामागे लाइन लावून उभे, तेव्हाही म्हणे अकाउंट उडवू. त्या दिवशी मी हात लावू दिला नाही. अटॅचमेंट २० एमबीची होती, आमच्या नव्या मुलाने रंगीत, ६०० डीपीआयवर स्कॅन केलेली. समोरच्याची लिमिट २५ एमबी, मग जायला काय झालं? तर मेलमधून फाइल जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, २० ची २७ होते. प्रोग्राम ऑफलाइन केला, तो मेल आउटबॉक्समधून ड्राफ्टमध्ये ओढला, परत ऑनलाइन, बाकीचे सगळे सुटले. मग तेच कागद २०० डीपीआयवर, ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन करून पाठवले, दीड एमबी. कुठे आलं त्यात अकाउंट?

पावसाळ्यात एकदा लाइट गेली, परत आल्यावर ताईंच्या मशीनवर सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) एरर. तेव्हाही हेच ऐकलं. खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख काही वर्षं मागे गेलेली, मदरबोर्डवरचा सेल संपला होता, तो नाण्याएवढा सीआर२०३२, कुठल्याही दुकानात मिळतो. तारीख चुकली की सर्व्हरचं सर्टिफिकेट मशीनला अजून सुरूच न झालेलं वाटतं. आणि मेल येतात पण जात नाहीत असं असेल तर येण्याचा आणि जाण्याचा सर्व्हर वेगळा असतो, जाण्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट २५ आहे का बघा, बरेच नेटवाले तो बंद ठेवतात, ५८७ किंवा ४६५ लावा. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाहीये, डॉक्युमेंटेशन करता करता नाइलाजाने शिकलेय, मग एएमसीचे पैसे कशाचे देतो आपण?

ज्यांच्याकडे पॉप आहे त्यांनी कृपा करून आजच्या आज बघा तुमचे मेल कुठल्या फाइलमध्ये आहेत. आउटलुक असेल तर पीएसटी नावाची फाइल, बहुतेक डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स फोल्डरमध्ये. थंडरबर्ड असेल तर प्रोफाइलचा फोल्डर ॲपडेटामध्ये रोमिंगच्या आत, आणि ॲपडेटा हा लपवलेला फोल्डर आहे, त्यामुळे फॉरमॅट मारण्याआधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेणाऱ्यांच्या तो नजरेलाच पडत नाही आणि मेल तिथेच जातात. प्रोग्राम पूर्ण बंद करायचा आणि मग ती फाइल, तो फोल्डर जसाच्या तसा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायचा. हे झाल्याशिवाय रिपेअर नाही, कॉम्पॅक्ट नाही, रीइन्स्टॉल नाही, काही नाही. इंजिनिअर कितीही घाईत असू दे, त्याला बसवून ठेवा.

माझ्याकडे मार्चअखेरीची कॉपी होती म्हणून मागची वर्षं वाचली. त्यानंतरचे सात महिने गेले. शेवटचे १४ दिवस सर्व्हरवरून परत आले, बाकी नाही. डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवलं, पण तोवर त्याच डिस्कवर दुसऱ्या दिवसभराचं काम होऊन गेलं होतं, तुकडे मिळाले, अर्ध्या ओळी, अटॅचमेंट एकही उघडत नाही. शेठ मला म्हणतात तुम्ही लक्ष द्यायला हवं होतं, आणि त्या मुलाच्या मालकाला फोन केला तर तो म्हणतो बॅकअप ठेवायची जबाबदारी क्लायंटची.

आता मी रोज संध्याकाळी एकेका पार्टीला फोन करतेय, साहेब, एप्रिलपासून आमच्याशी झालेले मेल जरा फॉरवर्ड कराल का. अकरा जणांनी पाठवले, त्यातल्या एका मॅडमनी तर स्वतः तारखेप्रमाणे लावून पाठवले, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण ऑगस्टमध्ये ज्या पार्टीने नोटिफाय पार्टी (माल पोचल्याची खबर ज्याला द्यायची त्याचं नाव) बदलून मागितली होती आणि आता त्याचा चार्ज आमच्यावर ढकलतेय, तिच्याकडून काहीच येत नाही. तीनदा फोन केला. "बघतो मॅडम, सिस्टीमला जरा प्रॉब्लेम आहे."