डावा हात, उजवा मेंदू

उजवा हात प्लास्टरमध्ये गेला की पुण्यातला माणूस पहिला कशातून उठतो तर टू-व्हीलरवरून, कारण ॲक्सिलरेटर उजव्या हातात, मग रिक्षा, आणि रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची तीसुद्धा एका हाताने. पण ते जाऊ दे, खरी पंचाईत घरात. सकाळी डाव्या हातात ब्रश धरला तर ब्रश जागच्या जागी आणि माझं डोकंच हलतंय, बायको दारात उभी राहून म्हणते, "अहो, नंदीबैल दिसताय अगदी."

त्यात पुतणी एमबीबीएस फर्स्ट इयरला, तिचं नुकतंच ब्रेन शिकवून झालंय, म्हणजे सध्या घरात कोणाचीच खैर नाही. "काका, डाव्या हाताला शिव्या नका देऊ, तो बिचारा ऑर्डरची वाट बघतोय. तुमचा उजवा मोटर कॉर्टेक्स कच्चा आहे." म्हणलं कुठे असतो हा? तर हेअरबँड बसतो साधारण त्या रेषेत, कवटीच्या आत, मेंदूची एक उभी पट्टी. उजवीकडची पट्टी डावं अंग हलवते आणि डावीकडची उजवं, कारण बहुतेक तारा मेंदूच्या बुडाशी एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात. का जातात हे मी विचारलं नाही, तिला क्लासला जायचं होतं आणि मला वरणभात कालवायचा होता.

हे शोधलं कोणी, तर 1870 साली फ्रिच आणि हिट्झिग या दोन जर्मन डॉक्टरांनी. कुत्र्याच्या मेंदूच्या एका बाजूला बारीकसा करंट द्यायचा की पलीकडच्या बाजूचा पाय हलायचा. लॅब मिळेना म्हणून म्हणे हा उद्योग हिट्झिगच्या घरी, त्याच्या बायकोच्या ड्रेसिंग टेबलवर चालायचा. यावर आमच्या घरातून एकच प्रश्न आला, "आणि तिने करू दिलं?"

पुढे मॉन्ट्रियलच्या पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जनने फिट येणाऱ्या पेशंटची ऑपरेशनं करताना, पेशंट जागा असताना (मेंदूला स्वतःला दुखत नाही, नशीब), मेंदूला कुठे बारीक करंट दिला की काय हलतं ते बघून 1937 मध्ये नकाशाच मांडला. ज्या अवयवाला मेंदूत जेवढी जागा तेवढा तो मोठा, असा त्या नकाशाचा माणूस पुतणीने माझ्या प्लास्टरवर स्केचपेनने काढला, हे मोठ्ठे ओठ, लोंबती जीभ, सुपाएवढा पंजा, त्यात अंगठा तर विचारू नका, आणि पाठ-पोट नावाला. जेवढं बारीक काम तेवढी जास्त जागा. तोंडाला एवढी जागा लागते हे सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला नकाशा काढून सांगायची गरज नव्हती, पण ठीक आहे.

आईला यातलं काही मान्य नाही. "प्रसाद डाव्या हाताने? आ कर, मी घालते." या वयात.

कळस झाला तो बँकेत. चेकच्या मागे डाव्या हाताने सही केली. पुतणीचं म्हणणं, अक्षराचं वळण नुसतं बोटांत नसतं, आखणी मेंदूत आधीच झालेली असते, हात कुठलाही असो. आणि खरंच, ते शेवटचं वेलांटीचं शेपूट माझंच होतं, फक्त खड्ड्यातून रिक्षा जाताना काढल्यासारखं. काउंटरवरच्या मॅडमना आखणीत इंटरेस्ट नव्हता.

"सही जुळत नाही."

प्लास्टर दाखवलं. मॅडमनी आधी त्यावरचा जीभ काढलेला माणूस बघितला, मग मला.

"अंगठा लावा मग, आणि एक साक्षीदार आणा."

"डावा चालेल?"

"पुरुषांचा डावाच घेतात."

शिपाईकाकांनी माझा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर घोळवला, मी आपला मदत करायला जोर लावतोय तर म्हणाले, "साहेब, हात ढिला सोडा हो, तुम्ही काही करू नका." पाच मिनिटांत काम झालं.