वाचून कायम करणे

महिन्याला एक पुस्तक वाचणे वाटते तितके अवघड नाही. आपण वर्षभरात काय वाचले हे चारचौघांसमोर आठवणे मात्र भल्याभल्यांची भंबेरी उडवते. आमच्या बुक क्लबात डिसेंबरच्या बैठकीला नवे पुस्तक नसते. त्या दिवशी सरत्या वर्षातल्या सगळ्या पुस्तकांचा आढावा घ्यायचा, त्यांतून वर्षातले सर्वोत्तम पुस्तक निवडायचे आणि या साऱ्याचे इतिवृत्त मी लिहायचे, असा शिरस्ता पडला आहे. माझे अक्षर चांगले आहे म्हणून हे काम माझ्याकडे आले, असे सांगितले जाते. खरे कारण एवढेच, की ते कोणाच्या गळ्यात घालायचे हे ज्या बैठकीत ठरले, त्या बैठकीला मी गैरहजर होतो.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे, असा उद्योग त्याने स्वतःवरच केला. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक तृतीयांशावर आणि महिन्याभराने जेमतेम एक पंचमांशावर आलेली त्याला आढळली. अर्थपूर्ण मजकूर यापेक्षा बरा लक्षात राहतो, असा दिलासा जाणकार देतात; पण त्यांनी आमची जानेवारीची कादंबरी वाचलेली नसावी.

त्या कादंबरीचे नाव उच्चारताच सर्वांचे चेहरे उजळले, कारण त्या बैठकीत दिवे गेले होते आणि दिवे गेल्याचे प्रत्येकाला तपशीलवार आठवत होते. कथानकाबद्दल मात्र एका सदस्याचे म्हणणे पडले की नायक शेवटी मरतो, दुसऱ्यांच्या मते तो परदेशी जातो, आणि एका ताईंनी दबक्या आवाजात सांगितले की त्यात नायक नाहीच, नायिका आहे. बऱ्याच खडाजंगीनंतर उलगडा झाला तो असा, की पहिले गृहस्थ एका चित्रपटाबद्दल बोलत होते आणि दुसरे एप्रिलच्या पुस्तकाबद्दल. ताईंचेच बरोबर होते, परंतु तोवर त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

पुरावा म्हणून कोषाध्यक्षांनी आपली प्रत पुढे केली. ती उघडताना बांधणी अशी कडकडली, की शेजारचे दचकले. खूणपट्टी बासष्टाव्या पानावर होती आणि त्यापुढची पाने कोऱ्या नोटांसारखी एकमेकांना चिकटलेली होती. तरीही कादंबरीच्या शेवटाबद्दल सर्वांत ठाम मत कोषाध्यक्षांचेच होते, यात मला नवल वाटले नाही. ज्याने पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेले असते तो ‘तसे पाहिले तर’ आणि ‘पण दुसऱ्या बाजूने’ करत चाचरतो. ज्याने फक्त मलपृष्ठ वाचलेले असते, त्याला लेखकाला काय अभिप्रेत आहे ते नेमके ठाऊक असते.

मधल्या महिन्यांचा आढावा चटकन आटोपला. जुलैच्या कवितासंग्रहाला सगळ्यांनी ‘तरल’ म्हटले आणि पुढे काय बोलावे ते कोणालाच सुचले नाही. ऑक्टोबरच्या रशियन कादंबरीत एकाच माणसाला कोणी नावाने, कोणी नाव आणि पितृनाम जोडून, तर कोणी लाडक्या नावाने हाक मारत असल्यामुळे एक सदस्य अखेरपर्यंत एका पात्राला तीन भाऊ समजत होते. त्यांना त्यातला मधला सर्वांत आवडला.

खरा पेच सर्वोत्तम पुस्तकाच्या निवडीत पडला. रशियन कादंबरी, एक आत्मचरित्र आणि तो तरल कवितासंग्रह अशी तीन नावे उरली. क्लबातल्या निवृत्त गणिताच्या प्राध्यापकांनी सुचवले, की प्रत्येकाने आपला पसंतिक्रम लिहून द्यावा आणि आपण दोन-दोन पुस्तकांची तुलना करू. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा सदस्यांचे तीन सारखे गट निघाले. एकाचा क्रम कादंबरी, आत्मचरित्र, कविता. दुसऱ्याचा आत्मचरित्र, कविता, कादंबरी. तिसऱ्याचा कविता, कादंबरी, आत्मचरित्र. परिणामी कादंबरीने आत्मचरित्राला हरवले, आत्मचरित्राने कवितांना हरवले आणि कवितांनी कादंबरीला हरवले. तेही प्रत्येक वेळी दोन तृतीयांश बहुमताने. प्राध्यापकांना आनंदाचे भरते आले. बहुमत असे स्वतःच्याच शेपटीमागे धावू शकते, हे कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ सालीच दाखवून दिले होते, असे त्यांनी सांगितले.

“पण सर, जिंकलं कोण?” अध्यक्षबाईंनी विचारले.

“कोणीच नाही! हेच तर यातलं सौंदर्य आहे.”

“सौंदर्य राहू द्या, सर. इतिवृत्तात एक नाव लिहावं लागतं.”

अखेर कादंबरीचे नाव लिहिले गेले, कारण ती सर्वांत जाड होती. तिला पहिली पसंती देणाऱ्यांना ती आवडली होती असे मला आजही वाटत नाही. इतके सोसल्यावर ते फुकट गेले म्हणायला जीभ रेटत नाही, एवढेच.

त्या जाडीचा धसका घेऊनच पुढच्या वर्षासाठी ठराव आला, की यापुढे शक्य तितकी लहान पुस्तके घ्यावीत. किती लहान, असा प्रश्न निघाला, तेव्हा प्राध्यापकांनी पुन्हा तोंड उघडले. युनेस्कोच्या १९६४ सालच्या व्याख्येप्रमाणे मुखपृष्ठ-मलपृष्ठ वगळून किमान ४९ पाने असतील तरच ते पुस्तक; त्याहून कमी असेल तर ती पुस्तिका. पाने म्हणजे छापील पृष्ठे, कागद नव्हेत, असा खुलासाही त्यांनी केला आणि सभेत समाधानाची लहर पसरली. ठराव एकमताने मंजूर झाला, कोषाध्यक्षांनी तर दोन्ही हात वर केले. प्रस्तावना त्या ४९ पानांत धरायची की नाही, यावर मात्र शेवटपर्यंत तोडगा निघाला नाही. तो विषय जानेवारीच्या बैठकीवर ढकलला असून, त्या बैठकीत प्रस्तुत इतिवृत्त वाचून कायम करायचे आहे. ते चार पानी झाले असल्याने आधी वाचून यावे, अशी विनंती मी सर्वांना केली आहे. कोषाध्यक्षांनी त्याचा सारांश मागवला आहे.