टाके नाहीत म्हणून गुठळी होत नाही, हा समज जिवावर बेतू शकतो

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो आहे. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्यांना टाके घालण्याचा जमाना संपला असून एक नवे यंत्र कोणतीही रक्तवाहिनी काही मिनिटांत जोडते, असे त्यात म्हटले आहे. पुढे असेही, की जोडात दोराच नसल्यामुळे रक्ताची गुठळी कधीच होत नाही, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे घ्यावी लागत नाहीत, आणि अजूनही हाताने टाके घालणारे डॉक्टर केवळ बिल वाढवण्यासाठी वेळ काढतात. माझ्या मावसभावाच्या जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरलेली असताना हा मजकूर मावशीकडे पोचला आणि 'ते यंत्र जिथे असेल तिथेच करू, तोवर थांबू' इथपर्यंत घरातली चर्चा गेली. कर्करोगाची शस्त्रक्रिया असल्या कारणासाठी पुढे ढकलणे धोक्याचे आहे, म्हणून या दाव्यांना उत्तर देणे भाग आहे.

सर्वांत घातक दावा आधी घेतो. गुठळी केवळ दोऱ्यामुळे होत नाही. रक्तवाहिनी कापली की तिचे आतले नाजूक अस्तर दुखावते; जोडाच्या जागी ती पिळली गेली, ताणली गेली, सुजेने बाहेरून दाबली गेली किंवा प्रवाह मंदावला, तरी रक्त गोठते, आणि यातले एकही कारण यंत्राने नाहीसे होत नाही. याचा भक्कम पुरावा बायपास शस्त्रक्रियेतून मिळतो. पायातून काढलेली शीर टाक्यांविना महाधमनीला जोडणाऱ्या पास-पोर्ट नावाच्या उपकरणाची 220 रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तिची रचना मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे: एकाच रुग्णाची एक शीर उपकरणाने जोडली होती आणि दुसरी हाताने टाके घालून, त्यामुळे वय, मधुमेह, धूम्रपान यांचा फरक आपोआप बाजूला पडला. नऊ महिन्यांनी तपासले तेव्हा उपकरणाने जोडलेल्या शिरांपैकी 80.3 टक्के आणि हाताने जोडलेल्यांपैकी 82 टक्के मोकळ्या होत्या. म्हणजे दोन्हीकडे साधारण पाचांतली एक शीर बंद पडली होती किंवा बरीच अरुंद झाली होती. हे आकडे समोर असताना 'गुठळी कधीच होत नाही' असे लिहिणे आणि त्यावरून बायपास झालेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारे अ‍ॅस्पिरिन बंद करायला सुचवणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध कोणीही थांबवू नये.

जबड्याच्या शस्त्रक्रियेतही हाच धोका वेगळ्या रूपात असतो. काढलेल्या जबड्याच्या जागी पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड, त्याची रक्तवाहिनी आणि वरची त्वचा यांसह बसवतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. तंबाखूने महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे जे थैमान घातले आहे, त्यामुळे ही शस्त्रक्रिया इथे नवलाची राहिलेली नाही. नंतरचे पहिले दोन-तीन दिवस परिचारिका ठरावीक वेळाने त्या त्वचेचा रंग आणि ऊब पाहतात, आणि गरज पडल्यास सुई टोचून येणारे रक्त पाहतात. त्वचा निळसर पडून फुगली आणि टोचल्यावर काळपट रक्त भराभर आले, तर शीर तुंबली असे समजून रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. त्यासाठी हाताशी काही तासच असतात. जोड टाक्यांचा असो वा यंत्राचा, ही राखण सुटत नाही.

'कोणतीही रक्तवाहिनी' हा दावाही टिकत नाही. बायपाससाठी सिमेट्री नावाचे निटिनॉल धातूचे जोडउपकरण अमेरिकेत 2001 मध्ये बाजारात आले. महाधमनीला चिमटा न लावता शीर जोडता येणे हा त्याचा खरा फायदा होता. पण जोडाशी शिरा अरुंद होऊन बंद पडल्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि 2004 मध्ये ते बाजारातून गेले; म्हणजे एका ठरावीक जोडासाठी बनवलेले यंत्रही टिकले नाही.

नवेपणाबद्दल एवढेच, की सर्जन एर्विन पायर यांनी मॅग्नेशियमच्या कड्यांनी रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत 1900 मध्येच मांडली होती, तर हाताने टाके घालण्याची सर्जन अलेक्सिस कॅरेल यांची पद्धत 1902 ची आहे. बिलाचा आरोप तर उलटाच आहे: शिरा जोडणाऱ्या यंत्रात दोन्ही टोकांना लावायची कड्यांची जोडी एकदाच वापरता येते आणि तिचा खर्च रुग्णाच्या बिलात वाढतो.

आता संदेशातले अर्धसत्यही मान्य करायला हवे. बारीक शिरा जोडण्यासाठी कपलर नावाचे साधन खरोखर उपयोगी आहे. शिरेचे टोक एका छोट्या कड्यातून ओढून घेतात आणि बाहीची कड उलटवावी तसे बाहेर वळवून कड्यावरच्या सहा पोलादी टाचण्यांवर अडकवतात. दुसऱ्या टोकाचेही तसेच करतात आणि मूठ फिरवली की दोन्ही कडी एकमेकांत घट्ट बसतात. अस्तराला अस्तर भिडते, पोकळीत धातू किंवा दोरा उघडा राहत नाही आणि टाक्यांपेक्षा वेळही बराच कमी लागतो. स्तनाच्या पुनर्रचनेत अशा सलग 1000 जोडांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शिरेत गुठळी होण्याचे प्रमाण 0.6 टक्के होते. हा आकडा उत्तम आहे, पण तो शून्य नाही, आणि तो शिरांचा आहे. धमनीची भिंत जाड असते, वयाने किंवा धूम्रपानाने ती कडक झालेली असली तर टाचण्यांवर उलटवताना फाटू शकते, म्हणून धमनी बहुतेक सर्जन हातानेच शिवतात. शिरेसाठीही माप घेऊन योग्य कडे निवडावे लागते, दोन्ही टोकांच्या मापात फार तफावत असली तर बेत बदलावा लागतो, आणि हा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली ती शीर प्रत्यक्ष पाहिल्यावरच होतो. त्यामुळे कपलर वापरायचे ठरलेले असले तरी केसापेक्षा बारीक नायलॉनचा दोरा टेबलावर तयार ठेवावाच लागतो.