किल्ली कुणाकडे? : एका प्रतिसादाला उत्तर

नमस्कार.

संगणकावर आणि फोनवर चित्रपट-गाणी चालवणाऱ्या व्हीएलसी या कार्यक्रमाच्या (सॉफ्टवेअरच्या) संकेतस्थळावर भारतात आलेल्या बंदीविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपला प्रतिसाद इतका सविस्तर होता की दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे बरे दिसले नसते. आपण एका मराठी चित्रपटाच्या निर्मितीत होतात, आणि तो प्रदर्शित झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याची प्रत लोकांच्या मोबाइलवर फिरू लागली, असे आपण लिहिले आहे. त्या अनुभवावरून आपले म्हणणे असे की, डिजिटल कुलुपाला, म्हणजे विकलेल्या चित्रपटाची किंवा पुस्तकाची प्रत काढू न देणाऱ्या, ते हवे तिथे चालू न देणाऱ्या तांत्रिक अटकावाला, नावे ठेवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घराचे दार उघडे टाकून दाखवावे. मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो त्याचा, आदर्श हा आपल्या मते फुकट्यांना मिळालेला सोज्वळ मुखवटा आहे. त्या चळवळीचा खर्च आज मोठ्या कंपन्याच चालवतात. आणि सरकारी बंदीचा एवढा गहजब कशाला, व्हीएलसी तर त्या काळातही सगळ्यांच्या फोनवर चालूच होते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. मी लेखात सरसकट ‘व्हीएलसीवर बंदी’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२२ पासून अनेक इंटरनेट सेवांवरून उघडेनासे झाले ते व्हिडिओलॅन या संस्थेचे संकेतस्थळ. फोनच्या ॲप स्टोअरमध्ये ॲप तसेच होते आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोडही होता. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. मात्र या दुरुस्तीमुळे बंदी सौम्य ठरते असे मला वाटत नाही, उलट ती अधिक विचित्र दिसते. त्या वर्षी माझ्या मावसभावाने नवा संगणक घेतला आणि व्हीएलसी शोधले. अधिकृत पान उघडेना, म्हणून त्याने खालच्या कुठल्याशा दुव्यावरून ते उतरवून घेतले. संध्याकाळी मला बोलावले तेव्हा ब्राउझरचे मुखपृष्ठ बदललेले होते, कोपऱ्यात जुगाराच्या जाहिराती उघडत होत्या, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ते नारिंगी शंकूचे चिन्ह मात्र ऐटीत पडद्यावर बसलेले होते. ज्याला गिटहब ठाऊक आहे त्याचे या बंदीने काहीच अडले नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला बंदीनेच भलत्या दारात नेऊन उभे केले.

आता बंदीची पद्धत पाहू. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकारला संकेतस्थळ रोखता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम वैध ठरवले. ते ठरवताना न्यायालयाने ज्या गोष्टींचा आधार घेतला त्यांत दोन महत्त्वाच्या होत्या: आदेशाची कारणे लेखी नोंदवली जातात, आणि संबंधिताला शक्य तिथे नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते. २००९ च्या नियमांत त्यासाठी किमान ४८ तासांची मुदत आहे. आपल्याला नोटीसही मिळाली नाही आणि बाजू मांडायची संधीही मिळाली नाही, असे व्हिडिओलॅनचे म्हणणे होते. ऑक्टोबरमध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या मदतीने संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. म्हणजे सुमारे नऊ महिने. गंमत अशी की सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, हे धोरण २०१५ मध्ये केंद्राच्याच माहिती तंत्रज्ञान खात्याने जाहीर केले होते.

‘फुकट’ या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ वाहावे लागतात म्हणून तिकडे हा घोळ होतो. आपल्याकडे मुक्त आणि फुकट हे दोन वेगळे शब्द असताना आपण तो घोळ कशाला आयात करायचा? व्हीएलसीचा उगम १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. वसतिगृहातले नेटवर्क अधिक वेगवान करून हवे होते, त्यासाठी त्यावरून व्हिडिओ प्रसारित करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. २००१ मध्ये तो कोड जीपीएल परवान्याखाली खुला झाला. प्रत फुकटच द्यावी, असे तो परवाना म्हणत नाही. ज्याच्या हाती कार्यक्रम पडेल त्याला तो वाचता, बदलता आणि त्याच अटींवर पुढे देता आला पाहिजे, एवढे तो बजावतो.

कंपन्यांच्या पैशाचा आपला मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि आपण तो मांडलात त्यापेक्षाही तो अधिक अवघड आहे. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या गाभ्यावर (कर्नेलवर) काम करणारे बहुतेक लोक कुठल्या ना कुठल्या कंपनीचे पगारदार असतात. त्यात मला कमीपणा वाटत नाही; सुतारानेही पगार घेऊनच देऊळ बांधलेले असते. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. क्रोमियम या ब्राउझरचा कोड खुला आहे, पण त्यावर उभ्या असलेल्या क्रोममध्ये ओटीटीवरचा चित्रपट उलगडून दाखवणारा वाइडवाइन हा भाग बंदिस्त आहे. या बंदिस्त भागांना ब्राउझरशी जोडणारे ईएमई हे मानक डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये मंजूर केले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संघटनेने निषेध म्हणून तिचे सदस्यत्व सोडले. घर सगळे खुले, फक्त देवघराला कुलूप, आणि किल्ली घरमालकाकडे नाही, अशी ही व्यवस्था आहे.

याचा अनुभव मी माझ्या जुन्या फोनवर घेतो. कंपनीने सुधारणा पाठवणे थांबवल्यावर मी त्यावर मुक्तस्रोत प्रणाली बसवली, आणि फोन आणखी तीन वर्षे उत्तम चालला. फक्त प्रमाणित फोनला मिळणारी सुरक्षेची वरची पातळी त्यामुळे गेली, आणि पूर्ण वर्गणी भरूनही ओटीटीवरचे चित्र असे दिसू लागले की पात्रांचे चेहरे ओळखण्यापेक्षा आवाजावरून अंदाज बांधणे सोपे जावे. त्याच चित्रपटाची चोरलेली प्रत याच फोनवर स्वच्छ दिसली असती. कुलूप चोराला आडवे आले नाही, वर्गणीदाराला आले.

परवान्याचा आदर्शही निरुपद्रवी नसतो, हे व्हीएलसीच्याच इतिहासात आहे, आणि हा दाखला आपण दिला असतात तर मला उत्तर देणे जड गेले असते. २०१० मध्ये एका फ्रेंच कंपनीने व्हीएलसी आयफोन-आयपॅडवर आणले. जीपीएल सांगतो की वापरणाऱ्यावर जादा बंधने घालू नका. ॲपलच्या दुकानाच्या अटी मात्र अशी बंधने घालत होत्या. व्हीएलसीचा एक प्रमुख विकसक रेमी दनी-कूर्मों याने ॲपलकडे तक्रार केली आणि जानेवारी २०११ मध्ये ॲप दुकानातून निघून गेले. तो तेव्हा ॲपलच्या स्पर्धक नोकियात नोकरीला होता, त्यामुळे हेतूबद्दल पुष्कळ कुजबुज झाली. स्वातंत्र्य जपण्याच्या नावाखाली लाखो लोकांच्या हातातला कार्यक्रम काढून घेतला गेला, हे खरेच आहे. पण नंतर जे घडले तेही पाहावे. संस्थेने जुन्या-नव्या लेखकांना एकेक करून गाठले, त्यांची संमती मिळवून मूळ गाभ्याचा परवाना शिथिल केला, आणि जुलै २०१३ मध्ये ॲप परत आले. वाद उघड्यावर झाला, कारणे सर्वांनी वाचली, आणि ज्यांचा कोड होता त्यांच्या संमतीनेच तोड निघाली. एवढेही मायक्रोसॉफ्टच्या ई-पुस्तकांच्या ग्राहकांच्या वाट्याला आले नाही. ते दुकान २०१९ मध्ये बंद झाले, जुलैपासून विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली, पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर. टिपणांना भाव मिळाला म्हणायचा!

आता कुलुपाकडे येतो, कारण आपला मूळ राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. माझा सगळ्याच कुलुपांना विरोध नाही. आपला चित्रपट चित्रपटगृहात गेला असेल तो डीसीपी या चित्रपटगृहासाठीच्या डिजिटल प्रतीच्या रूपात, आणि बहुधा केडीएम या ती प्रत उघडणाऱ्या डिजिटल किल्लीसह. ती किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते, आणि ते योग्यच आहे, कारण चित्रपटगृह आपला चित्रपट विकत घेत नाही, काही दिवस दाखवण्यासाठी आणते. माझा आक्षेप सुरू होतो तो विक्रीनंतरच्या कुलुपावर. माझ्या आतेभावाने अमेरिकेहून डीव्हीडींचा एक संच भेट आणला होता. डीव्हीडी ज्या विभागासाठी विकली त्याच विभागाच्या प्लेअरवर चालावी, असे तिला कुलूप असते; तिकडच्या तबकड्या विभाग १ च्या, आपल्याकडचे प्लेअर विभाग ५ चे. प्लेअरने तबकडी आत घेतली, थोडा वेळ गुरगुरला आणि तशीच बाहेर दिली. रीतसर पैसे मोजून घेतलेली वस्तू रीतसर घेतलेल्या यंत्रात चालेना. ती अखेर पाहिली व्हीएलसीवर, कारण त्याच्यासोबतची लिबडीव्हीडीसीएसएस ही छोटी संहिता (कोड) तबकडीचे कुलूप उघडू शकते.

अशा संहितांचा मूळ खटला नॉर्वेत झाला. योन लेक योहान्सन हा १५ वर्षांचा मुलगा १९९९ मध्ये डीव्हीडीचे कुलूप उघडणारा डीसीएसएस हा कार्यक्रम प्रसिद्ध करणाऱ्यांपैकी एक होता. अमेरिकी चित्रपट उद्योगाच्या तक्रारीवरून त्याच्यावर खटला चालला आणि २००३ मध्ये, आधी जानेवारीत व मग अपिलात डिसेंबरात, तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या संगणकावर पाहणे म्हणजे घरफोडी नव्हे, असा त्या निकालांचा मथितार्थ.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत पुष्कळ समंजस आहे, आणि त्याची चर्चा जितकी व्हायला हवी तितकी होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्व हक्क कायद्यात कलम ६५अ आले. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी ते उघडले तर हे कलम आड येत नाही. दृष्टिहीन वाचकासाठी पुस्तक वाचनीय रूपात आणण्याची सूटही त्याच दुरुस्तीने दिली. म्हणजे संसदेने कुलूप आणि चोरी यांत फरक केला. तो फरक आपल्या प्रतिसादात पुसला जातो, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. आपली प्रत चित्रपट पडद्यावर असताना, दुसऱ्याच दिवशी फुटली. माझ्या आतेभावाच्या डीव्हीडीला लावलेल्या कुलुपाने ती प्रत फोडणारा माणूस सापडला नसता. त्याच्यासाठी २०२३ ची सिनेमॅटोग्राफ कायद्यातली दुरुस्ती आहे: पडद्यावरून चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि दंड निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. ती कडक अमलात यावी, या मागणीत मी आपल्याबरोबर आहे.

आपण शेवटी विचारले आहे की, ‘तुमचा आदर्श माझ्या काय कामाचा?’ आपण छोट्या बजेटमध्ये काम केले असेल, तर आपल्या संकलकाने डीसीपी कदाचित डीसीपी-ओ-मॅटिक या मुक्त कार्यक्रमात बांधला असेल. आणि चित्रपट ओटीटीवर गेला असेल, तर त्याच्या रूपांतरात कुठेतरी एफएफएमपेग हा चित्रफितीचे स्वरूप बदलणारा मुक्त कार्यक्रम असण्याचा संभव मोठा आहे. पण मला त्याहून दुसरी काळजी वाटते. ओटीटीचा करार मुदतीचा असतो आणि केडीएमही. पंधरा वर्षांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात कुणी आपला चित्रपट मागितला, तर त्यांना कुलूप नसलेली प्रतच उपयोगी पडेल, आणि ती खुल्या स्वरूपात असली तर अधिकच. चित्रे मूळ गुणवत्तेसह साठवणारा एफएफव्ही१ हा कोडेक त्यासाठीच वापरतात. तो मुक्तस्रोत आहे आणि २०२१ मध्ये त्याचे तपशील आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत प्रसिद्ध झाले आहेत.

अशी बिनकुलपाची एक प्रत आज आपल्या स्वतःच्या ताब्यात आहे का, की ती पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओच्या एखाद्या हार्ड डिस्कवर पडून आहे? जमल्यास एकदा पाहून घ्यावे आणि इथेच कळवावे.