सर्पदंशाचे मृत्यू आधी मोजा, मग लस कुठे ठेवायची ते ठरवा

मृगाचा पाऊस पडला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर चार-चार ओळींच्या बातम्या येऊ लागतात. निंदणी करताना महिलेला सर्पदंश, शेतातल्या आखाड्यावर झोपलेल्या तरुणाचा मृत्यू, उपचारासाठी नेताना बालिका दगावली. या बातम्यांची बेरीज कोणी करीत नाही. सर्पदंश हा नशिबाचा भाग समजून सोडून न देता डेंग्यू किंवा गोवर यांच्याप्रमाणे त्याचे काटेकोर सर्वेक्षण झाले पाहिजे, आणि सर्पदंशाची लस (म्हणजे दंशानंतर द्यायचे प्रतिविष), रुग्णवाहिका, इतकेच काय, शेतीपंपाच्या विजेचे वेळापत्रकसुद्धा त्या नोंदींवरून ठरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मोजणीने धोरण कसे बदलते, याचे उदाहरण याच विषयात आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी रुग्णालयांच्या नोंदींनुसार देशात सर्पदंशाने वर्षाला दोन हजारांहूनही कमी माणसे मरत होती. जनगणना आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहणाऱ्या महानिबंधक कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांनी मात्र घरोघरी जाऊन, मृताच्या नातेवाइकांना शेवटच्या तासांत काय झाले ते विचारून मृत्यूची कारणे नोंदवली आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा २००५ या एका वर्षातील मृत्यूंचा अंदाज सुमारे ४६ हजार निघाला. त्यातील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि तीन चतुर्थांशांहून अधिक माणसे दवाखान्याबाहेरच मरण पावली होती. पुढे २००० ते २०१९ या काळाचा अंदाज सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. मार्च २०२४ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. कर्नाटकाने त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना तसे करण्यास सांगितले.

तरीही नोंद बंधनकारक करण्याचा आदेश हा फक्त आरंभ आहे. २००४ पासून चालू असलेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात वैद्यकीय अधिकारी संशयित रुग्णांचा जो ‘पी’ फॉर्म भरतात, त्यात सर्पदंशाचा रकाना पूर्वीपासून आहे. अडचण अशी की त्या रकान्यात दवाखान्यात पोहोचलेला माणूसच येतो. जो मांत्रिकाकडे गेला, जो वाटेत जीपमध्येच दगावला, ज्याला लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरच्या खाजगी अतिदक्षता विभागात नेले, तो बहुधा त्यात नसतो. दवाखान्यात पोहोचलेल्यांपैकीही अनेकांच्या नावापुढे ‘अज्ञात दंश’ एवढेच लिहिलेले असते. तो विषारी होता की बिनविषारी, रक्त गोठत होते की नाही, पापण्या मिटत होत्या का, यातले काहीही पुढे कळत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का हे पाहण्याची चाचणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. तिचा निकाल नोंदवहीत उतरला तरी पुष्कळ काही हाती लागेल.

मृत्यूंची गोष्ट आणखी विखुरलेली आहे. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदनाचा अहवाल रुग्णालयात राहतो आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतील दोन लाख रुपयांसाठी केलेला प्रस्ताव कृषी विभागाकडे जातो. एकाच माणसाच्या मृत्यूचे कागद असे चार ठिकाणी असतात, आणि ते एकत्र ठेवून गाव, महिना, वेळ आणि दवाखान्यापर्यंत लागलेला अवधी पाहणे ही कोणाचीच जबाबदारी नसते. जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याला हे चार कागद महिन्यातून एकदा जुळवायला लावणे फार खर्चाचे काम नाही. शासनाने ते आदेशानेच करावे.

हे जुळवल्याने काय साधेल? मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना जवळजवळ होत नाहीत, पहाटे पोट दुखू लागते आणि मग श्वास बंद पडत जातो. घोणस, जिला आपल्याकडे परड म्हणतात, ती बांधावर, गवतात, कडब्याच्या गंजीखाली असते आणि तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होतात. ज्या तालुक्यात झोपेतले मृत्यू अधिक, तिथे खाट, मच्छरदाणी आणि ग्रामीण रुग्णालयात कृत्रिम श्वासाची सोय हवी. जिथे शेतातले दंश अधिक, तिथे गमबूट, विजेरी आणि डायलिसिसची सोय जवळ हवी. सगळ्या केंद्रांना लशीच्या सारख्याच व्हायल (कुप्या) वाटून दोन्हींपैकी एकही प्रश्न सुटत नाही. विष चढलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा व्हायल लागतात, मग पाच व्हायल ठेवलेले केंद्र त्याला पुढे पाठवण्यापलीकडे काय करणार?

विजेचा विषय मी मुद्दाम काढला. शेतीपंपाला आठवड्याच्या पाळीने रात्री वीज येते आणि हरभऱ्याला, गव्हाला, उसाला पाणी द्यायला माणूस अंधारात उभा राहतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच दिवसा वीज देणे हा आहे. दारे धरताना झालेले दंश गावनिहाय मोजले गेले, तर कोणते फिडर (वीजवाहिन्या) आधी सौर करायचे हे ठरवताना आरोग्य विभागाचा शब्दही ऐकला जाईल. आज त्या बैठकीत मांडायला आरोग्य विभागाकडे आकडाच नसतो.

एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बारकाईच्या नोंदींतून काय घडू शकते, हे जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आहे. महाडजवळ बिरवाडीला असताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे टिपत नेली, हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरते म्हणून माणसे मरतात हे ओळखले आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा त्यांच्यापाशी नव्हती. आपल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तशीच तळमळ मी पाहिली आहे, परंतु त्यांनी पाठवलेल्या फॉर्मचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी सांगत नाही. वर गेलेली माहिती तालुक्याला परत मिळाली नाही, तर भरणाऱ्याचा हात सैल पडणारच.

म्हणून माझी मागणी अशी आहे की घरी किंवा वाटेत झालेल्या प्रत्येक संशयित सर्पदंश मृत्यूची पंधरा दिवसांच्या आत आशाताई आणि आरोग्यसेवक यांनी घरी जाऊन चौकशी करावी, आणि दर वर्षी मे महिन्यात तालुक्याचा सर्पदंश नकाशा पंचायत समितीत जाहीरपणे मांडावा. लशीचा साठा त्या नकाशाप्रमाणे मृगाच्या आधी पोहोचावा. अपघात योजनेचा लाभ खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरता असल्याने सालगडी, रोजंदारीवरच्या बाया आणि त्यांची मुले कृषी विभागाच्या कागदांत येतच नाहीत. या चौकशीत मात्र सातबारा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न असता कामा नये.